यानातला धोंडिबा

बजाजनगरात येऊन मुंजाबा कुठं राहतो असं विचारलंत, तर चार माणसं चार दिशांना बोट दाखवतील आणि पाचवा उलट तुम्हालाच विचारील, कोण मुंजाबा? त्यापेक्षा धोंडिबा कुठं राहतो ते विचारा. पानटपरीवाला चुना लावता लावता हसेल, टपरी तशीच उघडी टाकील आणि तुम्हाला थेट दारापर्यंत नेऊन सोडील. आता गंमत अशी, की या माणसाचं नाव धोंडिबा कधीच नव्हतं. धोंडिबा हा एका जपानी कार्टूनमधला, अंतराळयानाच्या पोटात राबणारा मिस्त्री. आणि त्याचंही ते खरं नाव नव्हे. जपानात त्याला काय म्हणत असतील ते जपान्यांनाच ठाऊक. नाव ठेवलं ते वाळूजच्या कामगारांनी. ते मिस्त्रीला चिकटलं तसं मुंजाबालाही चिकटलं, ते आजतागायत.

मुंजाबा वैजापूरकडचा, मेंढपाळाच्या घरातला. घरातला म्हणायचं तेही बोलण्यापुरतंच, कारण तो जन्मला चालत्या बिऱ्हाडात, कुणाच्या तरी शेताच्या बांधावर. बहात्तरच्या दुष्काळात बापाची, सोनाजीची, निम्मी मेंढरं गेली. उरलेल्या कळपाला थोरला भाऊ त्रिंबक पुरेसा होता, म्हणून मोठा झाल्यावर धाकट्यानं शहराची वाट धरली. वाळूजच्या माळावर तेव्हा एकामागून एक कारखाने उठत होते. काल जिथं बोरी-बाभळी होत्या तिथं आज कंपनीचं गेट, आणि गेटासमोर पत्र्याची पेटी घेऊन उतरलेली सगळ्या मराठवाड्याची पोरं. मुंजाबा एका कंपनीत मेंटेनन्सला लागला. पंप, कॉम्प्रेसर, गळके व्हॉल्व्ह हे त्याचं खातं. सगळं सुरळीत चाललं की तो कुणाला दिसायचा नाही. काही बंद पडलं की सगळे त्याच्याच नावानं ओरडायचे.

त्याला याचं काही वाटायचं नाही. कळपातही त्याची जागा कायम मागं असायची. पुढं चालणाऱ्याचं नाव होतं, पण लंगडं कोकरू खांद्यावर घेणं, वाटेत व्यालेल्या मेंढीपाशी थांबणं, कुत्रं कुठं रेंगाळलं ते बघणं, ही कामं मागच्याची. रात्री ओव्या रंगल्या की गाणारा दुसराच कुणी, मुंजाबा आपला मागं बसून झील धरणारा. उभ्या आयुष्यात त्यानं कधी पुढची ओळ म्हटली नव्हती, आणि म्हणायची हौसही नव्हती.

शेजारच्या खोलीतला कडुबा म्हणजे त्याच्या बरोबर उलटा. वेल्डिंगवर होता, पण वेल्डिंग ही पोटाची सोय. खरा तो गाणारा. भीमजयंती असो की कामगारांची गेटमीटिंग, कडुबा उभा राहिला की माइक लागायचा नाही. नमनाला घडाभर तेल जाळायचा हे खरं, पण एकदा पेटला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणायचा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून जेवढे मोर्चे निघाले त्यातला एकही त्यानं चुकवला नव्हता. अशा माणसाचं मुंजाबाशी जमतं कसं, असं चाळ विचारायची. जमतं कसं म्हणजे? एकाला बोलायला लागायचं आणि दुसऱ्याला ऐकायला आवडायचं, संपला प्रश्न.

तर एकदा कडुबाच्या कंपनीत नवी मशीन बसवायला जपानहून एक साहेब आला. तो परत निघाला तेव्हा निरोपाला कडुबानं असं काही गाणं म्हटलं, की एक अक्षर कळत नसताना साहेबाला डोळे पुसावे लागले. त्यानं बॅगेतून एक व्हिडिओ कॅसेट काढली आणि कडुबाच्या हातावर ठेवली. तिकडच्या टीव्हीवरून भरून आणलेलं कार्टून होतं ते. चाळीच्या कोपऱ्यावर सांडूचं व्हिडिओ सेंटर होतं, म्हणजे एक पत्र्याची शेड आणि दुबईहून आलेला, कुठलीही कॅसेट गिळणारा व्हीसीआर. सुट्टीच्या दिवशी शेड कामगारांनी गच्च भरली, आणि पडद्यावर चांदण्यांतून एक अवाढव्य यान सरकत आलं.

पाच मिनिटं लोकांनी जपानी भाषा सोसली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "कडुबा, काय म्हनतोय रं त्यो?"

कडुबा उठून टीव्हीशेजारी उभा राहिला. सांडूनं आवाज बंद केला. यानाचा कप्तान उंचापुरा, पांढऱ्या कपड्यांतला. अंतराळात वारा नसताना त्याचे केस भुरभुरत होते. त्याचे ओठ हलले, आणि कडुबाचा आवाज शेडमध्ये घुमला, "गड्यांनो! आपली भूमी लई लांब हाय, पन ती आपलीच हाय! वाटंत कितीबी वैरी येऊ द्या, आता माघार नाय!"

टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. तेवढ्यात चित्र बदललं. यानाच्या पोटात एक बुटका, बसक्या नाकाचा, उलटी टोपी घातलेला मिस्त्री हातात पाना घेऊन बोलायला लागला. कडुबाला धाप लागली होती. त्यानं पहिल्या ओळीतल्या मुंजाबाला ओढून उभं केलं.

"मी काय बोलू?" मुंजाबा घाबरला.

"झील धर, मुंज्या. बोल कायबी."

मुंजाबानं पडद्याकडं पाहिलं. मिस्त्रीच्या मागच्या नळीतून वाफ निघत होती. त्यानं घसा साफ केला. "कप्तान, तुमी लढा की. पन दोन नंबरचा पंप गळतोय. आधी त्यो बघू, नायतर वैरी यायच्या आदीच आपुन खलास."

शेड अशी हसली की पत्रे वाजले. प्रत्येकाच्या कारखान्यात दोन नंबरचा पंप गळतच होता आणि प्रत्येकाचा साहेब लढाईच्याच गोष्टी करत होता. "नाव काय मिस्त्रीचं?" लोकांनी विचारलं. कुणीतरी म्हणालं, धोंडिबा. बारसं झालं.

त्यानंतर जी सुट्टी येई त्या सुट्टीला तीच कॅसेट. लोक कप्तानासाठी येत आणि धोंडिबासाठी थांबत. वास्तविक सगळ्या कार्टूनभर त्या मिस्त्रीचं काम बोटांवर मोजण्याइतकं. पण मुंजाबा दर वेळी नवं काहीतरी काढायचा. राजकन्या रडायला लागली की धोंडिबा म्हणायचा, "बाई, रडा मनमोकळं, पन त्या बटनांवर नगं. पानी गेलं की शॉर्ट व्हतंय." कप्तान मरणाच्या गोष्टी बोलायला लागला की धोंडिबा विचारायचा, "जेवून मरायचं का उपाशी?" आणि यान उडायची वेळ झाली की मुंजाबा तोंडाशी हात धरून मेंढरं उठवायची हाळी द्यायचा, "हुर्रर्र हो! हुर्रर्र!" त्या हाळीवर सारी शेड उभी राहायची. जालन्याचा, बीडचा, परभणीचा, जो तो हुर्रर्र करायचा. पुढं पुढं तर कडुबालाही ती हाळी मुंजाबापेक्षा झकास जमायला लागली.

एक खोट मात्र होती. यान घरी पोचायचं नाही. निळी-हिरवी पृथ्वी लांबवर दिसायला लागायची आणि नेमकी तिथंच टेप संपायची. लोक चडफडत उठायचे. पहिल्या ओळीत लोखंडी खुर्चीवर बसलेली एक म्हातारी मात्र बसूनच राहायची आणि म्हणायची, "पोचवा की रं एकदाचं!"

"माय, टेप सपली," कडुबा सांगायचा.

"मंग दुसरी टेप आना. तेवढंबी जमंना व्हय तुमाला?"

ही कडुबाची आई, भागूबाई. अठ्ठ्याहत्तर साली विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला, आणि मराठवाड्यात गावोगाव वस्त्या पेटल्या. भागूबाईचं घर त्यातच गेलं. कणगीतल्या ज्वारीसकट गेलं. पेटवणारे परके नव्हते. ज्यांच्या शेतात ती खुरपायला जायची तेच. ठराव बासनात गेला आणि भागूबाई कडुबाचा हात धरून शहरात आली. पुढची वर्षं तिनं मोर्च्यांत काढली, सत्याग्रहात तुरुंगही बघितला. आता गुडघे सुजून भोपळ्याएवढे झाले होते. मोरीपर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागायची. मुंजाबा तिला माय म्हणायचा. तिच्या खोलीतला नळ गळायला लागला की न सांगता पाना घेऊन यायचा.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला सांडूच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कप्तान ऐन रंगात आला होता. "गड्यांनो, अंधार लई झाला, पन..." एवढं कडुबा म्हणतोय तोच एक गडी कानाला लावलेला ट्रान्झिस्टर तसाच धरून दारातून आत घुसला. "नाव आलं! नाव लागलं इद्यापीठाला! बातम्यांत सांगितलं!"

कडुबाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग तो माणसांवरून, पायांवरून, कशाकशावरून उड्या मारत बाहेर पळाला. भागूबाई त्या दिवशी गुडघ्यांपायी खोलीतच होती, तिला सांगायला. इकडं पडद्यावर कप्तान नुसता ओठ हलवत होता आणि शेडमधली माणसं अर्धी उभी, अर्धी बसलेली. काही चेहरे फुलले होते, काही एकदम आवळले होते. दोघं-तिघं कुणाकडं न बघता उठून निघूनही गेले. मुंजाबाला ते सगळं दिसलं. आज इथं एक वाकडा शब्द पडला तर उद्या चाळीत पाणी भरायच्या रांगा वेगळ्या होतील, एवढं त्याला कळत होतं.

तो टीव्हीपाशी गेला. कप्तानाचे ओठ हलत होते त्यांना त्यानं धोंडिबाचाच आवाज दिला. "कप्तान आईला सांगायला गेल्यात. आनंदाची बातमी हाय, गेलंच पायजे. तवर यान मी चालवतो. बसा समदे, धक्का लागंल!"

एकजण फसकन हसला, मग दहा हसले. आणि मग कुणीतरी हुर्रर्र केलं, आणि सगळी शेड बाहेर आली आणि नाचायला लागली. तिळगुळाच्या वड्या कुणाच्या होत्या आणि कुणाच्या तोंडात गेल्या, पत्ता लागला नाही.

सकाळी मुंजाबा पाहतो तर भागूबाई पांढरं लुगडं नेसून उंबऱ्यात बसलेली, आणि कडुबा तिच्यासमोर डोकं धरून उभा. तिला विद्यापीठाच्या गेटावर जायचं होतं. आजच. शहरात जागोजागी बंदोबस्त होता, रिक्षा-टेम्पो कुणी काढायला तयार नव्हतं, चाळीतली पोरं पहाटेच पायी निघून गेली होती. आणि हिला तर मोरीसुद्धा लांब.

"माय, दोन दिसांनी जाऊ," मुंजाबा म्हणाला. "गरदी सरंल. मी रिक्षा करतो, दारातून दारात."

भागूबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्याला वाटलं आपण पाना चुकीच्या नटाला लावला. "सोळा वर्सं दोन-दोन दिसच चाललंय, मुंजा. तवाबी असंच सांगितलं व्हतं, नाव लागलं म्हनून. रातीत घर गेलं आन् नावबी गेलं. आता कुनी माघारी घ्यायच्या आदी मला डोळ्यानं बघू दे. मंग मेले तरी चालंल."

कडुबा म्हणाला, "मी पाठीवर घिऊन जातो." दोन पावलं गेला आणि कण्हायला लागला, कारण भागूबाई अंगानं काही लहान नव्हती. आणि तेव्हा मुंजाबाच्या डोक्यात आलं. त्रिंबकदादाचा तळ तर तिसगावच्या रानात पडलाय! तिथून पडेगाववरून डोंगराच्या कडेकडेनं पहाडसिंगपुऱ्याला उतरणारी मेंढरांची वाट होती, ती थेट विद्यापीठाच्या अंगाला निघायची. लहानपणी ती वाट त्यानं कितीदा तुडवली होती. आणि दादाकडं घोडी होती. गाड्या अडवतील, मोर्चे अडवतील, पण मेंढरांना कोण अडवतो?

"चल," तो कडुबाला म्हणाला. सांडूची मोटारसायकल मागितली, म्हातारीला दोघांच्या मधे बसवलं आणि आडरस्त्यानं तळ गाठला.

त्रिंबकनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मला नगं सांगू. मी गावोगाव फिरनारा मानूस. ज्याच्या रानात मेंढरं बसवतो त्यो धान्य देतो, त्यावर आमचं पोट. उद्या कुनी म्हनलं, ह्यो त्यांना घोडीवरून घिऊन गेला, तर मला कोन रानात येऊ दील? तू कंपनीतला. तुला काय जातंय?"

बोलणं खोटं नव्हतं. भागूबाई नुसती दगडावर बसून राहिली. बोलली ती त्रिंबकची बायको, बानाबाई. चुलीतलं लाकूड मागं ओढत ती म्हणाली, "घोडी कुनाची हाय?"

"आपली," त्रिंबक म्हणाला.

"आपली नाय. माझी. माझ्या बापानं मला आंदन दिल्याली. तिच्यावर कोन बसंल ते मी सांगनार." आणि नवऱ्याकडं वळून म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हात नाय. उठा, मेंढरं सोडा. त्या डोंगराला चारा हाय का नाय?"

चारा होता. त्रिंबक पुटपुटत उठला.

तळच हलवायचा ठरला, म्हणून घोडीवर सामान लादलं. तळ हलला की देवाचं बोचकं पुढं बांधायचं, हा रिवाज. बानाबाईनं त्याच्या मागं घोंगडी अंथरली आणि भागूबाईला म्हणाली, "बसा, मावशी."

"मी न्हाई बसायची," भागूबाई म्हणाली. "मी बौद्ध झाल्याली बाई. तुझ्या देवाला टेकून कशी बसू?"

कडुबानं कपाळाला हात लावला. एवढं सगळं जुळून आलं आणि आता हे! त्रिंबकही बघायला लागला, कारण त्याच्या मनात तोच विचार दुसऱ्या बाजूनं आला असणार. बानाबाईनं फक्त क्षणभर विचार केला.

"मंग देवाकडं पाठ करून बसा. त्यो बी काय म्हनायचा नाय आन् तुमी बी नाय."

भागूबाई हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली. आणि मग तिला उचलून, घोडीच्या शेपटीकडं तोंड करून, उलटी बसवली.

अशी ती स्वारी निघाली. सगळ्यात पुढं त्रिंबक. त्याच्यामागं मेंढरं, कुत्री, त्रिंबकचाच पटका डोक्याला गुंडाळलेला आणि घोंगडी पांघरलेला कडुबा. मग घोडीचा लगाम धरलेली बानाबाई. आणि सगळ्यात मागं, आपल्या जागेवर, मुंजाबा. भागूबाईचं तोंड त्याच्याकडंच. वाटभर दोघांच्या गप्पा चालल्या. कडुबाला मात्र गप्प राहायची शिक्षा, कारण मोर्च्यांतला त्याचा आवाज पोलिसांच्या ओळखीचा. तो उगाच काठी उगारायचा, ओरडायचा, आणि एक मेंढरू त्याचं ऐकेल तर शपथ. उंटावरून शेळ्या हाकणारे कसे असतात ते बानाबाईनं त्या दिवशी मनसोक्त बघून घेतलं.

पडेगावच्या पुढं रस्ता ओलांडायचा होता. तिथं पोलीस उभे. कळप रस्त्यावर पसरला आणि एक हवालदार काठी आपटत आला. "कुठं?"

कडुबाची छाती फुगली. तोंड उघडणार, एवढ्यात मागून मुंजाबा म्हणाला, "चारायला, साहेब. डोंगराला."

"आज?"

"मेंढरांना रोजच खायाला लागतंय."

हवालदारानं घोडीकडं पाहिलं. "ही म्हातारी उलटी का बसलीय?"

"मागं ध्यान ठिवायला. एखांदं कोकरू ऱ्हायलं तर सांगती."

"व्हय बाबा," भागूबाईनं लगेच साथ दिली, "हे आत्ताच एक ऱ्हात व्हतं." आणि तिनं मुंजाबाकडंच बोट दाखवलं. हवालदार हसत बाजूला झाला. त्यानं मग दोन्हीकडच्या गाड्या थांबवून सगळी मेंढरं पार करून दिली. ती पलीकडं जाईपर्यंत मुंजाबा मान खाली घालून मेंढरंच मोजत राहिला, आणि भागूबाई मात्र लुगड्याचा पदर तोंडात कोंबून हसत होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा ते पहाडसिंगपुऱ्याकडं उतरले आणि आवाज कानावर आला. ढोल, घोषणा, फटाके, नुसता कल्लोळ. एक वळण घेतलं, आणि समोर लांबवर विद्यापीठाची कमान! माणसांचा समुद्र होता. हवेत निळ्या गुलालाचे ढग उठत होते. दिवसभर तोंड दाबून धरलेल्या कडुबाला आता धीर कुठला निघणार? पटका भिरकावून दिला, दोन्ही हात आभाळाकडं केले, आणि सोळा वर्षांचं जे काही छातीत होतं त्या सगळ्यासकट तो ओरडला. नेमकं त्याच्या तोंडून काय निघावं? सांडूच्या शेडमध्ये यान उडवताना दर सुट्टीला जी हाळी तो द्यायचा तीच!

"हुर्रर्र हो! हुर्रर्र!"

मेंढरांना कुठं माहीत ही यानाची हाळी आहे म्हणून? त्यांना ती उठा आणि पळा एवढीच ठाऊक. सगळा कळप एकदम उधळला. त्रिंबक आडवा आला, तर कळप त्याला वळसा घालून गेला. कुत्री भुंकत मागं. घोडीही कान टवकारून धावायला लागली, लगामाला बानाबाई, आणि पाठीवर मागं तोंड करून देवाच्या बोचक्याला गच्च धरलेली भागूबाई. मुंजाबा जिवाच्या आकांतानं पळत होता आणि ओरडत होता, "माय, धरा! सोडू नगा!"

गर्दीनं मेंढरं येताना पाहिली आणि घाबरायचं सोडून आरोळीच ठोकली. लोक बाजूला झाले, कळप आत घुसला, आणि पोरांनी त्याच्यावर मुठीमुठीनं गुलाल उधळला. बघता बघता सगळी मेंढरं निळी! त्रिंबक धापा टाकत पोचला तेव्हा त्याची एक मेंढी पांढरी राहिली नव्हती. लोकरीत बसलेला रंग काही धुतला जात नाही. आता कातरणी होईपर्यंत तो ज्या गावात जाईल तिथं मेंढरंच सांगणार होती, हा माणूस कुठून आला ते. तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला. एका पोरानं त्याच्याही गालाला निळा हात फासला. त्रिंबकनं गाल चाचपला, बोटं पाहिली, आणि अचानक खो खो हसायला लागला. "घ्या!" तो म्हणाला. "आता लपवायचं तरी काय ऱ्हायलं?"

घोडी गर्दीत अडकली. पुढं जाईना, मागं येईना, वळवायला तर तसूभर जागा नाही. भागूबाईची पाठ कमानीकडं. मान वळत नव्हती, आणि अंग वळवायचं तर गुडघे ओरडत होते. तिला दिसत होता फक्त मुंजाबा.

"आलो का रं?" ती ओरडली. "कडुबा! सांग की, काय दिसतंय?"

कडुबा घोडीच्या तोंडाशी उभा होता. तो कमानीकडं बघत होता. हजारांच्या मोर्च्याला हलवून सोडणारा तो गडी नुसता ओठ हलवत होता आणि रडत होता.

"मुंजा, तू सांग!"

मुंजाबानं तिच्या डोक्यावरून पाहिलं. "माय, कमान हाय. लई गरदी. पोरं वर चढल्यात. वर एक लांब कापड बांधलंय, निळ्या अक्षरांचं."

"नाव वाच. बाकीचं मला कळतंय."

मुंजाबाची शाळा चौथीतच सुटलेली. त्यानं डोळे पुसले, एक एक अक्षर जुळवलं, आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं वाचलं, "डॉक्टर... बाबासाहेब... आंबेडकर... मराठवाडा... विद्यापीठ."

"परत वाच."

त्यानं परत वाचलं.

"समदं हाय? कुनी काय खोडलं-बिडलं नाय?"

"नाय माय. समदं हाय."

भागूबाईनं डोळे मिटले. मग म्हणाली, "उतरव मला."

"माय, उतरू नगा. लोक वाट करून देत्यात, घोडीवरच आत जा."

"बसून न्हाई जायची मी त्याच्याखालून," ती म्हणाली. "धर."

बानाबाईनं एका बाजूनं धरलं, मुंजाबानं दुसऱ्या बाजूनं. खाली पाय टेकले तशी ती कळवळली, पण उभी राहिली. मग दोघांच्या खांद्यावर भार टाकून ती हळूहळू वळली आणि तिनं वर पाहिलं. वाचता येत नव्हतं तरी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत नजर फिरवली. कुणी तिला घाई केली नाही. ढोलवालाही हात रोखून उभा होता.

मुंजाबा पायांकडं बघत नेहमीसारखा मागं सरकायला लागला. भागूबाईनं त्याचं मनगट पकडलं. "कुठं चाललास? सोबत चल," ती म्हणाली, आणि सुजलेले गुडघे ओढत, एक पाऊल टाकून एक दम खात, ती कमानीखालून चालत आत गेली. मुंजाबा तिच्या बरोबरीनं चालला होता, हमसून हमसून रडत होता, आणि त्याला त्याची जराही लाज वाटत नव्हती.